एका 'यू'साठी अर्धा मार्क

सहामाहीचे पेपर घरी आले की पालकांच्या ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. मुलानं 'कलर' लिहिताना 'यू' घातलेला नसतो, बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढलेला असतो आणि अर्धा मार्क गेलेला असतो. मग दोन फळ्या पडतात. एक म्हणते, बरोबरच केलं बाईंनी. हल्लीची पोरं मोबाइलवर बघून अमेरिकन बिघडलेलं इंग्रजी लिहितात, मूळ इंग्रजी ते ब्रिटिशांचंच. दुसरी म्हणते, भाषा वाहती असते, समोरच्याला कळलं की झालं, स्पेलिंगबिलिंग ही सगळी साहेबाची गुलामी. आणि याच दोन्ही फळ्या, कुणी पुढारी भाषणात 'फर्निचर्स' किंवा 'इक्विपमेंट्स' म्हणाला की एकत्र येऊन त्याला हसतात. तेव्हा भाषा वाहती नसते आणि गुलामीचीही आठवण होत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंग्रजीची स्पेलिंगं आणि अनेकवचनं या निरनिराळ्या मुलखांत पडलेल्या रीती आहेत. त्या शिकवायला हव्यात, आळस न करता शिकवायला हव्यात. पण ही रीत कुठली आणि दुसरीकडे काय चालतं, हेही मुलाला सांगायला हवं. दोन मान्य रीतींपैकी एक धरून जो नीट लिहितो, त्याचा मार्क कापण्याचं काही कारण मला तरी दिसत नाही. 'फर्निचर्स'चा मामला वेगळा आहे. त्याकडे येतोच, पण आधी हे 'मूळ इंग्रजी' प्रकरण निकालात काढू.

शेक्सपिअरची नाटकं १६२३ साली एकत्र छापली गेली. त्या एकाच ग्रंथात 'ऑनर' हा शब्द 'यू'सह आहे आणि 'यू'शिवायही आहे. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. पुढे सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशात 'यू'ला पसंती दिली, आणि ब्रिटिश स्पेलिंगचा पाया त्या कोशानं घातला असं आपण मानतो. पण तो कोश उघडला तर 'एरर', 'हॉरर', 'एम्परर', 'गव्हर्नर' या सगळ्यांत 'यू' दिसतो. 'म्युझिक' आणि 'पब्लिक' यांच्या शेवटी 'सी'च्या मागे 'के'सुद्धा उभा असतो. आज यातलं एकही स्पेलिंग लंडनमध्ये चालत नाही. ब्रिटिशांनीही निम्म्या शब्दांतला 'यू' गाळलाच की! उरलेल्या निम्म्यांत ठेवला, आणि तोही धड नाही: 'ह्यूमर'मध्ये 'यू' आहे, 'ह्यूमरस'मध्ये नाही, 'ऑनर'मध्ये आहे, 'ऑनररी'मध्ये नाही. जॉन्सनला प्रमाण मानून कुणी मुलानं 'गव्हर्नर'मध्ये 'यू' घातला तर त्याच बाई त्याचाही अर्धा मार्क कापतील. मग मूळ म्हणायचं कशाला?

अमेरिकन स्पेलिंगमागे भाषेचा काही मोठा तर्क होता, असंही मानायचं कारण नाही. नोआ वेब्स्टर हा मास्तरकी केलेला माणूस. स्वातंत्र्ययुद्ध संपत होतं त्याच वर्षी, १७८३ साली, त्यानं मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि ते घरोघरी गेलं. १७८९ साली त्यानं उघडच लिहिलं की इंग्लंडपेक्षा आपलं स्पेलिंग वेगळं झालं तर ते राष्ट्राच्या फायद्याचं ठरेल, शिवाय पुस्तकं इथेच छापली जातील. म्हणजे एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात छापखान्याचा हिशोब. 'कलर'मधला 'यू' त्यानं काढला, 'सेंटर'मधली 'आर' आणि 'ई' यांची जागा बदलली, ते टिकलं. 'टंग' आणि 'विमेन' उच्चाराप्रमाणे लिहा म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही. थिओडोर रूझवेल्टची गंमत तर याहून मोठी. १९०६ साली राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारात त्यानं सरकारी मुद्रणालयाला तीनशे शब्द सुटसुटीत स्पेलिंगनं छापायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली, अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं, विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत हुकूम गुंडाळावा लागला. पनामा कालवा खोदवून घेणाऱ्या माणसाला स्पेलिंग बदलता आलं नाही. छापखाने, कोश, शाळा आणि लोकांची सवय यांच्या ओढाताणीत जे उरलं, ते आजचं स्पेलिंग.

आता 'झेड'कडे या. 'ऑर्गनाइज'मध्ये 'झेड' दिसला की आपल्याकडचे जाणकार 'अमेरिकन!' म्हणून मोकळे होतात. हा 'झेड' ग्रीक प्रत्ययातून आलेला आहे आणि ऑक्सफर्डचा कोश तोच पसंत करतो. संयुक्त राष्ट्रांचा शिरस्ता ब्रिटिश स्पेलिंगचा, पण 'झेड'सह. जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं इंग्रजी नाव एकदा अक्षर अक्षर लावून वाचा: 'लेबर'मध्ये 'यू' आहे आणि लगेच पुढच्या 'ऑर्गनायझेशन'मध्ये 'झेड' आहे. आपल्या घटक चाचणीच्या न्यायानं या नावात अर्धा मार्क जाणारच, 'यू'चा नाहीतर 'झेड'चा. ऑस्ट्रेलियात सगळे 'लेबर' 'यू' घालून लिहितात, पण तिथल्या लेबर पार्टीच्या नावात १९१२ पासून 'यू' नाही. कॅनडावाले 'कलर' आणि 'सेंटर' ब्रिटिश पद्धतीनं लिहितात, तर गाडीचा 'टायर' अमेरिकन पद्धतीनं. या देशांतली मुलं वेडी झाल्याचं ऐकिवात नाही.

हे झालं स्पेलिंगचं. अनेकवचनांचा इतिहास याहून रंगतदार आहे. इंग्लंडात छपाई आणणाऱ्या कॅक्स्टननं १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक हकिकत दिली आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजानं निघाले होते, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एकानं एका घरी जाऊन खायला 'एग्ज' मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा म्हणाला, याला 'आयरेन' हवी आहेत. तेव्हा कुठे बाईंना कळलं. अंड्यांचं दक्षिणेकडचं अनेकवचन 'एन' लावून होत होतं आणि उत्तरेचं 'एस' लावून. दोघंही इंग्रज, दोघांचंही इंग्रजी अस्सल, आणि साधी अंडी मागता येईनात. त्या दिवशी एखादी परीक्षा असती तर नापास कोण झालं असतं?

पुढे 'एस' जिंकला, पण हरलेल्यांचे अवशेष भाषेत तसेच पडून राहिले. 'ऑक्सन'मध्ये तो जुना 'एन' आहे. 'चिल्ड्रन'मध्ये तर एकावर एक दोन अनेकवचनं चढली आहेत: जुनं 'चिल्डर' हे स्वतःच अनेकवचन होतं, ते विसरलं गेलं आणि त्यावर पुन्हा 'एन' लागला. 'फूट'चं 'फीट' होतं त्याच चालीवर 'बुक'चं जुनं अनेकवचन होत असे; ते टिकलं असतं तर आज आपण 'बीक' वाचायला ग्रंथालयात गेलो असतो. वाटाण्याला आधी 'पीझ' म्हणत. शेवटचा 'झ' ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचन असणार, म्हणून त्यांनी एकवचन घडवलं 'पी'. म्हणजे आज ज्याला आपण 'फर्निचर्स'छाप अडाणीपणा म्हणू, त्यातून इंग्रजीतला नेहमीचा शब्द जन्मला आणि राजवाड्यातल्या जेवणातही गेला.

आपल्या शब्दांचं इंग्रजांनी काय केलं, तेही बघा. आपला मुंगूस. इंग्रजी कोश हा शब्द मराठीतून आल्याचं सांगतात. तिकडे गेल्यावर त्याला शेवटी 'गूस'चं, म्हणजे हंसाच्या जातीच्या पक्ष्याचं स्पेलिंग चिकटलं. बरं, 'गूस'चं अनेकवचन 'गीस', मग मुंगसांचं 'मंगीस' व्हायला हवं. तर तसंही नाही, ते 'मंगूसेस'. 'मुंगसं' असं मराठी अनेकवचन करावं, असं कुठल्याही इंग्रजाला चुकूनही वाटलं नाही. पायजम्याचं तर त्यांनी एकवचनच बुडवलं. आपण एक पायजमा घालतो, ते 'पजामाज' घालतात, कारण त्यांच्या 'ट्राउझर्स' अनेकवचनी. आणि त्यातही ब्रिटन 'पी'पुढे 'वाय' लिहितो, अमेरिका 'ए' लिहिते. यात मला काही गैर वाटत नाही. जिवंत भाषा पाहुण्या शब्दाला आपल्या घरचे कपडे घालते. आपल्या आज्याही तेच करत होत्या: पेन्सिली, सायकली, मोटारी, बटणं, स्टेशनं. आता आपण 'मोबाईल्स' आणि 'मॉल्स' लिहितो आणि 'मोबाइलं' म्हणणाऱ्याकडे खेडवळ म्हणून बघतो. आपल्याच भाषेत इंग्रजी 'एस' लावायला हवा असं वाटणं, हा न्यूनगंड तिथलाच, जिथून लाल गोल येतो.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातलं पहिलं अगदी रास्त आहे: काहीतरी प्रमाण हवंच. कायद्याचा मसुदा, ग्रंथालयाची सूची, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, इथे ज्यानं त्यानं मनाला येईल तसं लिहून चालणार नाही. मान्य. पण प्रमाण हवं याचा अर्थ जगभर एकच हवं असा होत नाही. एका लिखाणात एकच हवं, एवढाच होतो. आणि प्रमाण कायमचं असतं, असंही नाही. हे मराठी माणसाला तरी सांगावं लागू नये. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारनं स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार एका झटक्यात गेले. त्याआधी 'नांव', 'पांच', 'कोठें' हे शुद्ध होतं, अनुस्वार गाळला तर मास्तर कान पिळत. त्यानंतर अनुस्वार दिला तर मार्क जाऊ लागला. टिळकांच्या काळचा 'केसरी' आजच्या नियमांनी तपासायला घेतला तर पानभर लाल होईल. म्हणून टिळकांना मराठी येत नव्हतं, असं कुणी म्हणतं का?

दुसरा आक्षेप मुलांच्या गोंधळाचा. तिसरीतल्या पोराला दोन स्पेलिंगं सांगितली तर त्याला एकही धड येणार नाही, असं शिक्षक म्हणतात, आणि साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तिसरीत एकच शिकवा, माझी हरकत नाही. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश स्पेलिंगची आहेत, तेच शिकवा. पण गोंधळ आपण घालण्याची वाट बघत बसलेला नाही. मुलाच्या पुस्तकात एक स्पेलिंग, कार्टूनमध्ये दुसरं आणि संगणकानं बरोबर शब्दाखाली मारलेली तांबडी नागमोडी रेघ तिसरीकडे. वेबपान बनवायला शिकणाऱ्या मुलाला रंगाची आज्ञा अमेरिकन स्पेलिंगनंच द्यावी लागते, 'यू' घातला तर पान रंगत नाही. त्यातही राखाडी रंगाचं नाव 'ए' घालून लिहा नाहीतर 'ई' घालून, दोन्ही चालतं. सातवी-आठवीच्या मुलाला हे सगळं दिसत असतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं एवढंच, आणि न सांगता मार्क कापला की त्याच्या डोक्यात 'इंग्रजीत काही खरं नसतं' एवढाच नियम शिल्लक राहतो.

तिसरा आक्षेप जगाचा: आम्ही सोडून देऊ, पण परदेशातले परीक्षक, कंपन्या सोडतील का? याचं उत्तर फार सोपं आहे. परदेशी विद्यापीठांत जायला आपली मुलं 'आयईएलटीएस'ची परीक्षा देतात. ती घेणाऱ्यांत ब्रिटिश कौन्सिल आहे, केंब्रिज आहे. या परीक्षेत ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंगं ग्राह्य धरतात. ज्यांची भाषा, ते सोडतात. आम्ही मात्र धरून बसलोय. तर्खडकरांची इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला पाठ करून कारकुनी मिळवण्याच्या काळात साहेबाच्या अक्षराबरहुकूम लिहिणं हीच लायकी होती, ते समजू शकतं. साहेब गेला, त्याचं स्पेलिंगही बदललं, आमची मात्र तपासणी तीच.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो 'भाषा वाहती असते' म्हणणाऱ्या फळीविरुद्ध आहे. नियम शिकवायचं सोडून दिलं तर नुकसान कुणाचं? ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तकांचं कपाट आहे, त्याला 'फर्निचर'ला 'एस' लागत नाही हे कुणी न शिकवता येतं. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तिथल्या बहुतेक मुलांना ते शाळेबाहेर कुठेच ऐकू येत नाही. त्यांना नियम शाळेनं दिला नाही तर कुणीच देणार नाही, आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस 'कळलं की झालं' असं म्हणणार नाही. व्यासपीठावर नियमांना गुलामी म्हणणारे स्वतःच्या मुलाचा नोकरीचा अर्ज चारदा तपासून घेतात. तेव्हा शिकवणं सोडा असं मी म्हणत नाहीच. उलट, मराठी शाळेत हे जास्त शिकवायला हवं, कारणांसकट शिकवायला हवं.

त्यामुळे 'फर्निचर्स', 'लगेजेस', 'ॲडव्हायसेस', 'इक्विपमेंट्स'. यांना 'कलर'च्या पंगतीला बसवता येणार नाही. 'यू' नसलेल्या 'कलर'मागे एक पूर्ण देश, त्याचे कोश आणि त्याची छापलेली पुस्तकं आहेत. 'फर्निचर्स'मागे आज तसं काही नाही, म्हणून ती चूक आहे आणि मुलाला तसं सांगितलं पाहिजे. पण ती कुठल्या प्रकारची चूक आहे? खुर्च्या मोजता येतात, टेबलं मोजता येतात, दोन्ही मिळून जे होतं ते मोजायचं नाही, असं इंग्रजीनं ठरवलं आहे. फ्रेंच माणूस फर्निचर खुशाल अनेकवचनात बोलतो. 'इन्फर्मेशन'चं अनेकवचन फ्रेंचमध्ये होतं, जर्मनमध्ये होतं, आणि जुन्या इंग्रजीतही होत असे. राहण्याच्या सोयीला ब्रिटिश 'अकोमोडेशन' म्हणतात, अमेरिकन बिनदिक्कत 'अकोमोडेशन्स' म्हणतात. गणिताला ब्रिटनमध्ये 'मॅथ्स', अमेरिकेत 'मॅथ'. 'मेल'ला अनेकवचन नाही असं शिकलेले आपण सगळे दिवसाला पन्नास 'ईमेल्स' पाठवतो. अशा भाषेत एखाद्यानं आपल्या मोजण्याच्या सवयीनं 'इक्विपमेंट्स' म्हटलं, तर त्याची चूक अंदाजाची आहे, अकलेची नाही. त्या पुढाऱ्याच्या भाषणात हसण्यासारखं इतर पुष्कळ असेल. आकडे तपासा, आश्वासनं तपासा. 'एस'ला हसणं सोपं पडतं, कारण त्यासाठी अर्थसंकल्प वाचावा लागत नाही.

आणि हसणाऱ्यांची स्वतःची अनेकवचनं तरी कुठे निर्मळ आहेत? 'ऑक्टोपस'चं 'ऑक्टोपाय' म्हणून जे विद्वत्ता मिरवतात, त्यांना माहीत नसतं की तो शब्द ग्रीक आहे आणि हे शेपूट लॅटिन. 'अजेंडा' आणि 'डेटा' ही मुळातली अनेकवचनं, पण 'अजेंडा आर' असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. 'क्रायटेरिया' हे अनेकवचन आहे, आणि ते एकवचनासारखं वापरणारी परिपत्रकं उच्चशिक्षित मंडळींच्या सहीनंच निघतात. परवान्याचं उदाहरण तर प्रत्येकाच्या खिशात आहे. ब्रिटिश पद्धतीत 'लायसन्स' हे नाम 'सी'नं लिहायचं आणि क्रियापद 'एस'नं; अमेरिकेत दोन्ही 'एस'नं. आपल्या मोटार वाहन कायद्यात ब्रिटिश पद्धत नेमकेपणानं पाळली आहे. आरटीओच्या बाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलांच्या पाट्या बघत चाललं तर 'सी'ही दिसतो, 'एस'ही दिसतो, आणि दोघांची अदलाबदल केलेला तिसरा अवतारही दिसतो. परवाना सगळीकडून मिळतो. पण कायद्याच्या कलमात मात्र 'सी' की 'एस' हे बघावंच लागतं, आणि कुठे बघायचं नि कुठे सोडून द्यायचं, हा विवेक आपण मुलांना शिकवतच नाही.

शिकवायचं ठरवलं तर त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची गरज नाही. आठवीच्या वर्गात एक तास घ्यावा. फळ्यावर तीच ती चार वाक्यं दोन्ही रीतींनी लिहावीत आणि मुलांना कुठली कुठली ते ओळखायला सांगावं. कॅक्स्टनच्या अंड्यांची गोष्ट सांगावी, मुंगसाची सांगावी. मग तपासताना एकाच उत्तरात एकदा 'यू' घातला आणि एकदा गाळला, तर खुशाल मार्क कापावा. तो निष्काळजीपणाचा मार्क आहे. 'फर्निचर्स' लिहिलं तर तेही कापावं आणि समासात योग्य रूप लिहून द्यावं. आणि प्रश्नपत्रिकेच्या वर, जिथे 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक' असं छापतात, तिथेच खाली आणखी एक ओळ घालावी: ब्रिटिश किंवा अमेरिकन स्पेलिंग चालेल, मात्र संपूर्ण पेपरात एकच वापरावे. त्या ओळीला समिती लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. घटक चाचणीचा पेपर ज्या बाई काढतात, त्या ती येत्या चाचणीलाही घालू शकतात.